टोमॅटो संपेपर्यंत

सातव्या मजल्यावर पांढरं पडत नाही. थंडी इथंही असते. खिडकीची काच सकाळी हाताला गार लागते, सून मला मोजे घालायला लावते. पण जमिनीवरचं गवत, विटांच्या कडा, चुकून बाहेर राहिलेलं फडकं हे सगळं पिठात घोळून काढल्यासारखं दिसावं, तसं इथं काही होत नाही. गोठलेल्या दवाला आमच्या घरात नुसतं ‘पांढरं’ म्हणायचे. “आज पांढरं पडणार,” असं हे संध्याकाळी आभाळाकडे बघून सांगायचे, आणि हातातला चहा तसाच ठेवून आम्ही दोघं मागच्या बागेत जायचो. इथं मी अजूनही उठल्या उठल्या आधी बाल्कनीच्या कठड्याकडे बघते. कठडा कोरडा असतो.

आमचं ते घर दोन खोल्यांचं होतं. पुढे रस्ता, मागे स्वयंपाकघराच्या दारातून उतरलं की चटईएवढी बाग. तिला बाग म्हणायचं ते आपलं कौतुकानं. एक कपडे वाळत घालायची तार, एक नळ, आणि भिंतीच्या कडेनं टोमॅटोची ओळ. भिंत कमरेइतकीच होती आणि तिच्यापलीकडे शेजारच्यांचं अंगण.

माझे मिस्टर काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. नोकरीचा सगळा काळ त्यांनी आगीसमोर काढला, त्यामुळे ऊब या विषयावर ते कोणाचं ऐकून घ्यायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की जमीन म्हणजे विझत आलेली भट्टी. दिवसभर ऊन खाते आणि रात्री हळूहळू सोडते. ती ऊब वर उडून जाऊ द्यायची नाही, एवढंच माणसाच्या हातात. म्हणून दुपारी मातीला पाणी द्यायचं, कारण कोरडी माती लवकर निवते. संध्याकाळी झाडाभोवती काठ्या रोवायच्या आणि त्यांच्यावरून चादर अशी टाकायची की पानाला कुठं चिकटणार नाही. जे पान चिकटलं ते गेलं. आणि चादरीची कड चारी बाजूंनी जमिनीपर्यंत आली पाहिजे, वर विटा ठेवल्या पाहिजेत. “झाडाला स्वेटर घालायचा नाही,” ते म्हणायचे. “त्याला खोली बांधायची.”

त्या खोल्या आम्ही दोघं मिळून बांधायचो. चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन त्यांच्या. ओळीच्या एका अंगाला मी, दुसऱ्याला हे. “उचल,” म्हणाले की दोघांनी हात वर करायचे, चादर वाऱ्यानं फुगायची आणि काठ्यांवर अलगद उतरायची. धुतलेल्या चादरीची घडी घालताना नवराबायको जसे जवळ येतात आणि लांब जातात, तसंच ते. त्या वेळी यात काही विशेष आहे असं मला वाटलं नव्हतं. हात गारठायचे म्हणून मी कुरकुरायचेच.

हे गेल्यावरच्या पहिल्या थंडीत मला कळलं, की झाडावर चादर टाकणं हे एका माणसाचं काम नाही. मी एक टोक टाकलं, पलीकडचं टोक पानांवरून फरफटत गेलं आणि फुलांचा एक घोसच्या घोस मोडला. मग मी युक्ती काढली. चादरीची एक कड चिमट्यांनी कपड्यांच्या तारेला लावायची आणि दुसरी कड धरून पलीकडे जायचं. काम व्हायचं. चिमटे आपापल्या जागी इमानदारीत उभे राहायचे. पण “उचल” म्हणायला कोणी नव्हतं, आणि मी स्वतःशीच म्हणून बघितलं तेव्हा इतकं विचित्र वाटलं की पुन्हा म्हटलं नाही.

मुलगा दर महिन्याला यायचा. त्यानंतरच्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता आला आणि जेवण झाल्यावर ताट बाजूला सारून बसला. तो असा बसला की मला कळतं.

“आई, पुरे झालं आता.”

“अरे, भात तर राहिलाय अजून.”

“भाताचं नाही बोलत मी. एकटं राहणं पुरे झालं. तुझी खोली तयार आहे. खिडकीतून तळं दिसतं. या घराला कुलूप लावू.”

“तळं बघून मी काय करू? मला पोहता येत नाही.”

तो हसला नाही. त्याचे वडीलही असेच, महत्त्वाच्या बोलण्यात विनोद चालायचा नाही. त्या मुलात खोट काढायला जागा नव्हती. सूनही चांगली आहे. आणि त्या जुन्या घरात मला सोडवणार नाही असं काय होतं, तर तेही सांगता येत नव्हतं. दिवसच्या दिवस माझा आवाज मला ऐकू यायचा नाही. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा. पण एकटीचं का होईना, ते माझं घर होतं. रात्री उठले तर दिवा न लावता माठापर्यंत जाता येत होतं. मला थोडा वेळ हवा होता, म्हणून जे समोर दिसलं ते बोलून गेले.

“टोमॅटो संपले की येते.”

त्यानं दारातून बागेकडे बघितलं. रोपं अजून गुडघ्याएवढीही नव्हती, त्या वर्षी मी उशिराच लावली होती. “नक्की?”

“नक्की.”

“शब्द?”

“शब्द.”

आमच्या घरात शब्द दिला की दिला. यांनी तो नियम केला होता आणि मुलगा लहान असल्यापासून आम्ही त्याला त्यातच वाढवलं होतं. तेव्हा आता माझी सुटका नव्हती. पांढरं पडेल, झाडं जातील, टोमॅटो संपतील आणि मी बॅग भरेन. त्या हिवाळ्यात माझं घर त्या पाच झाडांवर उभं होतं.

शेजारी राहायचा तो पॅकर. कारखान्यात भट्टीच्या अगदी दुसऱ्या टोकाला त्याचं खातं होतं. तयार झालेल्या कंदिलाच्या काचा, बरण्या, पेले पेंढ्यात आणि कागदात गुंडाळून खोक्यात भरायचे आणि सुतळीनं बांधायचे. निवृत्त झाला तरी खिशात सुतळीचा गुंडा असायचाच. हे त्याला सुतळ्या म्हणायचे आणि तो यांना भट्टीवाले म्हणायचा. “मी जीव भाजून काच करायची आणि यानं तिला दुपट्यात गुंडाळून मिरवायचं,” असं यांचं ठरलेलं बोलणं. बायको गेल्यापासून तोही एकटाच होता, मूलबाळ नव्हतं. पण आमच्यात येणंजाणं असं नव्हतं. भिंतीवरून जे काय बोलणं होईल तेवढंच. हे गेल्यावर तर तेही कमी झालं. दोन म्हातारी एकेकटी माणसं भिंतीशी उभी राहून बोलायला लागली की जरा अवघडल्यासारखं होतं.

त्या हिवाळ्यात मात्र तो रोज सकाळी भिंतीपाशी यायला लागला.

“काय वहिनी, टोमॅटो कसे आहेत?”

“माझी तब्येत विचारायची सोडून टोमॅटोची विचारताय?”

“तुमची दिसतेच आहे. टोमॅटो पानांआड असतात.”

मला वाटलं, याला टोमॅटो आवडत असतील. म्हणून जे पिकतील त्यातले एकदोन मी भिंतीवर ठेवायचे. दुपारपर्यंत ते उचललेले असायचे.

संध्याकाळी मुलाचा फोन यायचा. जेवलीस का, औषध घेतलंस का, आणि मग सहज विचारल्यासारखं, “टोमॅटो कसे आहेत?” सगळं जग माझ्या टोमॅटोंच्या मागे लागलं होतं. मी म्हणायचे, “छान आहेत. लागलेत खूप.” खरंच लागले होते. हिरवे, मुठीएवढे, घोसच्या घोस. पांढरं एकदोनदा पडूनही गेलं होतं. मी चिमटे लावून, विटा ठेवून, झाडं राखली होती. सकाळी चादर उचलली की आतून ओलसर, उबदार वास यायचा, झोपलेल्या मुलाच्या मानेजवळ येतो तसा. तो वास घेण्यासाठी मी जरा वाकून उभी राहायचे.

मग डोळ्यांच्या दवाखान्याची तारीख आली. ती मुलानं फोनवरून घेतली होती, टाळता आली नाही. दुपारपर्यंत परत येईन या हिशोबानं मी गेले. मातीला पाणी देऊन गेले, चादरी स्वयंपाकघरात काढून ठेवून गेले. दवाखान्यात बाकावर आमची रांग. डोळ्यांत थेंब घालायचे, मिटून बसायचं, पुन्हा थेंब. शेजारच्या बाई म्हणाल्या, “माझा मुलगा येईल न्यायला, तुमचं कोण येतंय?” मी म्हटलं, “येईल कोणीतरी.” डॉक्टरनं तपासून सांगितलं, “आजी, थेंबांचा असर उतरेपर्यंत एकट्या जाऊ नका.” म्हणून त्या लांब बोळात बसून राहिले. समोरची माणसं कापसाची दिसत होती. बस गेली. पुढची उशिरानं आली.

उतरले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. वारा पडला होता आणि आभाळ स्वच्छ होतं. मला चांदण्या नीट दिसत नव्हत्या, प्रत्येकीला झिपऱ्या फुटल्या होत्या, पण ढग नाही हे समजत होतं. नाकात ती कोरडी, धारदार गारठ्याची चव आली. पांढरं पडणार. साधंसुधं नाही. मी जेवढं भरभर चालता येईल तेवढं चालले, कुलूप चाचपडत उघडलं, स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि मागचं दार उघडलं.

बागेत पाच माणसं उभी होती.

मी दाराची चौकट धरली. माणसं हलत नव्हती. डोकी मोठी, गुंडाळलेली, आणि प्रत्येकाला एकच बारीक पाय. मग माझ्या लक्षात आलं की टोमॅटोच्या जागीच ती उभी आहेत. जवळ जाऊन हात लावला. जाडजूड ब्लँकेट. डांबराच्या गोळ्यांचा वास. पुढच्या झाडावर रजई. त्याच्या पुढे कसलासा पडदा, त्यावर सतरंजी. हात खाली नेला तर सगळं कापड वीतभर वरच गोळा केलेलं, सुतळीचे वेढे, आणि वेढ्यांवर गाठ. इतकी नेटकी गाठ या गल्लीत एकच माणूस मारत होता.

आणि गाठीच्या खाली उघडं खोड. मी बोटांनी चाचपलं. थंडगार.

त्यानं झाडं पॅक केली होती. धक्का बाहेरून येतो, वस्तूला चहूबाजूंनी गुंडाळायचं आणि तोंड घट्ट बांधायचं, हे त्याच्या हातात आयुष्यभर बसलेलं. पण इथं तोंड बांधलं की जमिनीची ऊब बाहेरच राहते आणि खोड तेवढं थंडीत उघडं पडतं. यांनी बघितलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

भिंतीपलीकडे त्याच्या खोलीत दिवा होता. हाक मारली असती तर तो आला असता. मग मला सांगावं लागलं असतं. स्वयंपाकघरात खिळ्याला कात्री अडकवलेली होती, ती आणून सुतळ्या कापता आल्या असत्या. गाठी मी चाचपून बघितल्या, पण कुठून सुरू होतात आणि कुठं संपतात ते बोटांना कळेना. आणि कापून, सोडून, त्या अंधुक डोळ्यांनी काठ्या रोवून, तारेला चिमटे लावून पाच झाडांवर चादरी टाकायच्या, तर सकाळी तो भिंतीशी येणार आणि त्याचं काम उकललेलं बघणार.

मी तशीच उभी राहिले. किती दिवसांनी माझ्या घरातलं एखादं काम मी हात न लावता झालेलं होतं. पदराआड दिवा न्यावा तसं ते मला तसंच्या तसं सकाळपर्यंत न्यावंसं वाटलं.

मग मी गाठींना हात न लावता जे सुचलं ते केलं. घरातली पोती आणि माझ्या जुन्या चादरी आणल्या आणि खाली बसून, हातानं अंदाज घेत, प्रत्येक खोडाभोवती गुंडाळल्या, वर विटा दाबल्या. हातांना सगळं झाकलेलं लागलं. आत येऊन फोन घेतला, मुलाला सांगितलं की डोळे ठीक आहेत, टोमॅटोही ठीक आहेत, आणि झोपले.

सकाळी डोळे स्वच्छ झाले होते आणि बाहेर सगळं पांढरं होतं. तार पांढरी, नळ पांढरा, विटांना लव फुटलेली. पॅकर माझ्याआधीच भिंतीशी उभा होता. अंगात कोट, त्यावर दुसरा कोट.

“या या, वहिनी. माल पोचला का सुखरूप, बघून घ्या.”

“हा पराक्रम कधी केलात?”

“तुम्ही अंधार पडला तरी येईनात. आभाळ बघितलं तर एकदम चकचकीत. म्हटलं, भट्टीवाले असते तर आत्तापर्यंत आरडाओरडा केला असता.” तो भिंत ओलांडून यायला लागला. त्याला एक पाय वर टाकायला बराच वेळ लागला. आदल्या दिवशी अंधार पडत असताना त्यानं किती वेळा तो टाकला असेल, असं माझ्या मनात आलं.

“गाठी मात्र भलत्याच घट्ट मारल्यात,” मी म्हटलं.

“घट्ट? ही सगळ्यात सोपी गाठ.” त्यानं पहिल्या झाडाची सुतळी एका बाजूनं ओढली. वेढे सरसर गळून पडले. “या बाजूनं ओढली की सुटते, त्या बाजूनं ओढली की आवळते. गिऱ्हाइकाला सुटली पाहिजे, हमालाला नाही.”

ब्लँकेट काढलं. आतली पानं हिरवीगार. टोमॅटो टणक, गोल, एकावरही डाग नाही. त्याचा चेहरा असा झाला की मी खोडाकडे बघायचं लांबवलं. पण बघितलंच. माझी पोती बुंध्याशी होती, त्याची गाठ वर होती, आणि मधे बोटभर खोड दोघांनाही सोडून राहिलं होतं. तिथं ते काळपट, पाणथळ झालं होतं, उकडलेल्या भाजीच्या देठासारखं. पाचही झाडांना तसंच.

“एक नग फुटला नाही,” तो म्हणाला.

“नाही फुटला,” मी म्हटलं. “चहा घेता?”

चहा पिताना त्याचा कप बशीवर वाजत होता. तेव्हा माझं लक्ष त्या रजईकडे गेलं, ब्लँकेटाकडे गेलं. एकट्या माणसाच्या घरात पांघरुणं असून असून किती असणार?

“तुम्ही रात्री काय पांघरलंत?”

“पेपर.”

“पेपर?”

“गरम असतो हो. एकावर एक चार थर. जरा आवाज होतो कूस बदलताना, एवढंच. स्वतःच्या बातम्या स्वतःच ऐकत झोपायचं.”

मला हसू आलं आणि लगेच दुसरीकडे बघावं लागलं. चहा आणखी ओतला.

ऊन चढलं तशी पानं माना टाकायला लागली. दुपारपर्यंत शेंडे लोंबले. तहानलेलं झाड पाणी दिलं की सावरतं. हे तसलं नव्हतं. जमिनीतून वर जायची वाटच मोडली होती. उन्हं कलताना तो भिंतीशी आला आणि बघत राहिला.

“वहिनी, झाडं झोपली.”

“हो.”

“मी चुकीचं बांधलं.”

“बांधलं उत्तम. पण ऊब खालून येते ना. खाली मोकळं ठेवावं लागतं.”

“भट्टीवाले मला कधी बोलले नाहीत हे.”

“तुम्ही कधी भट्टीकडे फिरकलात?”

“तिथं फार उकडायचं,” तो म्हणाला. मग भिंतीवरची सकाळपासूनची ओल बोटानं पुसत, माझ्याकडे न बघता, “म्हणजे आता मुलगा येणार तुम्हाला न्यायला.”

मी हातातली वीट खाली ठेवली. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“त्यानंच. गेल्या वेळी जाताना. म्हणाला, काका, टोमॅटो संपले की आई येतेय आमच्याकडे, तोवर जरा लक्ष ठेवा.” त्यानं बोट कोटाला पुसलं. “मी लक्ष ठेवलं.”

म्हणजे रोज सकाळी तो टोमॅटोंची चौकशी करत नव्हता. गल्लीत कोणाचं तरी दार लागलं, कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. माझ्या स्वयंपाकघरातला दिवा रात्री त्याच्या अंगणात कुठवर पडत असेल, याचा मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंदाज घेतला. त्याच्या खाटेजवळच्या खिडकीपर्यंत पडत असणार.

“टोमॅटो कुठं संपलेत?” मी म्हटलं. “झाडं संपलीत. टोमॅटो हे काय, पाटीभर आहेत.”

“हिरवे आहेत ते.”

“हिरवे घरात पिकतात. अंधारात झाकून ठेवायचे, एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. एक सडला तर शेजारचा जातो.”

त्यानं मान वर केली. “एकमेकांना लागू द्यायचे नाहीत?”

“नाही.”

“मग वहिनी,” तो म्हणाला, आणि पाय भिंतीवर टाकायला लागला, “तुम्ही नुसतं तोडून द्या. पुढचं तुम्हाला जमणार नाही.”

आम्ही अंधारायच्या आत सगळे टोमॅटो उतरवले. तो घरून खोकी घेऊन आला आणि रात्री पांघरलेले पेपर घेऊन आला. माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसला. मी त्याला इतकी वर्षं ओळखत होते, पण काम करताना पहिल्यांदा बघत होते. कागद फाटताना रेघ ओढल्यासारखा फाटायचा. टोमॅटो मधे, एक कोपरा, दुसरा कोपरा, एक पीळ, झालं. बोटं आपली आपणच चालायची आणि तोंडानं मला सूचना.

“देठ काढा. देठ शेजारच्याला टोचतो.”

“काढते.”

“मोठे खाली. लहान वर. चेपलेले या बाजूला, त्यांची वेगळी खोली.”

“दवाखाना म्हणा.”

“दवाखाना. चला, पुढचा पेशंट.”

शेवटचं खोकं भरून झाल्यावर मी म्हटलं, “हे तुम्ही घेऊन जा. तुमच्याकडे पिकू दे.”

“नको. मला टोमॅटो चालत नाही. सांधे धरतात.”

“मग मी रोज भिंतीवर ठेवते ते?”

“पोस्टमन नेतो,” तो म्हणाला. “फार आवडतात त्याला. तुमचं नाव काढत असतो.”

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. जेवलीस का, औषध घेतलंस का. मग, “टोमॅटो कसे आहेत?”

“झाडं गेली रे काल. पांढरं पडलं.”

तो बायकोला काहीतरी खुणेनं सांगत असावा. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, “मग येऊ का रविवारी?”

“टोमॅटो आहेत अजून. पेपरात गुंडाळून खाटेखाली ठेवलेत. पिकतील एकेक.”

“आई.”

“तू शब्द टोमॅटोंचा घेतला होतास. झाडांचा नाही.”

तो हसला. महत्त्वाच्या बोलण्यात तो हसला, ते मी तेव्हाच ऐकलं. “ठीक आहे,” म्हणाला. “शब्द म्हणजे शब्द.”

तो हिवाळा असा गेला. दर आठवड्याला एकदा पॅकर भिंत ओलांडून यायचा आणि खाटेखालून खोकी ओढायचा. एकेक पुडी उकलायची, बघायची. “पिकला” म्हटलं की तो माझ्याकडे. “कच्चा” म्हटलं की पुन्हा गुंडाळून आत. सडका निघाला तर तो तोंड वाकडं करून “हा हुतात्मा” म्हणायचा. पिकलेल्यांची मी चटणी करायचे, सार करायचे. एकटीनं खायची सवय होतीच. तो चहाच घ्यायचा. आम्ही फार काही बोलायचो नाही. तो बायकोबद्दल एकदाच बोलला, की तिला कागदाचा आवाज आवडायचा नाही. बाकी नुसती पुड्या उकलण्याची कुरकुर चालायची. बाकीचे दिवस पहिल्यासारखेच होते, दूधवाला पिशवी अडकवून जायचा, माझा आवाज मला ऐकू यायचा नाही. फक्त त्या एका दिवसाच्या आदल्या दिवशी मी घर झाडून घ्यायचे.

खोकी रिकामी होत गेली. मग एकच खोकं राहिलं. मग त्यात एकच पुडी.

त्यानं ती उकलली. माझे डोळे काही फार चांगले नव्हते, पण खिडकीतून ऊन येत होतं आणि टोमॅटो त्याच्या तळहातावर होता. लाल. पार लाल, वर बारीक सुरकुती धरायला लागलेला.

त्यानं तो जरा फिरवून बघितला.

“कच्चा आहे अजून,” तो म्हणाला.

“मग राहू दे,” मी म्हटलं.

त्यानं पुन्हा गुंडाळला. एक कोपरा, दुसरा कोपरा, एक पीळ. पुढच्या आठवड्यातही तो कच्चाच होता. त्याच्या पुढच्याही. फोनवर मी मुलाला सांगायचे, आहे रे अजून एक. तो “बरं” म्हणायचा, पण दर वेळी थोडा उशिरानं. मी त्याला लहानपणी शिकवलं होतं ते आता मीच वाकवत होते, आणि तो ते माझ्यासाठी वाकू देत होता. एका सकाळी खाटेखालून गोडूस वास आला. मी पुडी न उकलता फोन लावला आणि म्हटलं, “ये. संपले.”

पॅकरला भिंतीवरून सांगितलं तेव्हा त्यानं नुसतं विचारलं, “काचसामान किती आहे?”

यांनी कारखान्यातून आणलेले पेले, बरण्या, एक कंदील असं बरंच होतं. सगळं त्यानंच भरलं. मुलगा मदतीला वाकला तर म्हणाला, “साहेब, तुम्ही गाडी धुवा.” पेपर, पेंढा, सुतळी. निघताना त्यानं खोकी गाडीत स्वतः ठेवली आणि हात दोन कोटांच्या खिशांत घातले. “वहिनी, तिथं टोमॅटो लावा गॅलरीत,” म्हणाला. मी म्हटलं, “लावते.” गाडी वळेपर्यंत तो आमच्या फाटकाशी उभा होता, स्वतःच्या नाही. माझ्या घराला कुलूप लागलेलं होतं.

सातव्या मजल्यावर पोचलो तेव्हा एकही नग फुटलेला नव्हता. सुनेनं पेले धुऊन कपाटात लावले. एक खोकं मात्र माझ्या खाटेखाली आहे, सगळ्यात लहान. त्यात यांचा कंदील असावा. परवा सून खोली झाडताना म्हणाली, “आई, हे उघडायचं राहिलंय. कात्री आणू?”

“कात्री नको,” मी म्हटलं. “ती गाठ सोपी आहे. एका बाजूनं ओढली की सुटते.”

“मग ओढू?”

“राहू दे अजून.”